शेला-पागोटे

पौष सरून माघ लागला, की जालना जिल्ह्यातील शिवारांचे रूप पालटू लागते. ज्वारीची कणसे दाण्यांनी भरतात, हरभऱ्याला घाटे धरतात आणि मोसंबीच्या बागांतून आंबे बहाराच्या पांढऱ्या फुलांचा सुगंध दरवळतो. याच सुमारास जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठही तालुक्यांतील माध्यमिक शाळांमध्ये एका सोहळ्याची लगबग सुरू होते. हा सोहळा म्हणजे दहावीच्या विद्यार्थ्यांचा निरोपसमारंभ होय.

या समारंभाचे यजमानपद नववीच्या वर्गाकडे असते. सकाळपासूनच नववीची मुले-मुली कामाला लागतात. कोणी पटांगणावर सडा घालून रांगोळी रेखते, कोणी सतरंज्या अंथरते, कोणी सरस्वतीच्या प्रतिमेसाठी झेंडूचा हार गुंफते. दहावीचे विद्यार्थी आज पाहुणे असतात. त्यांनी काम करावयाचे नसते. काल-परवापर्यंत वर्ग झाडण्याच्या पाळीवरून ज्यांच्याशी भांडण झाले, त्यांनाच आज गुलाबाचे फूल देऊन पुढच्या रांगेत बसवावयाचे असते. प्रतिमापूजन होते, भाषणे होतात, मुख्याध्यापक परीक्षेविषयी चार सूचना देतात. दहावीचा वर्ग वर्गणी काढून शाळेला काहीतरी भेट देतो. कधी भिंतीवरचे घड्याळ, कधी ग्रंथालयासाठी पुस्तके, तर कधी आवारात लावण्यासाठी झाडांची रोपे. मग शिक्षकांना मध्ये बसवून सर्वांचे एकत्र छायाचित्र काढले जाते.

परंतु सर्वांचे डोळे लागलेले असतात ते शेला-पागोट्यांच्या कार्यक्रमाकडे. इंग्रजीवरून त्याला ‘फिशपाँड’ असेही म्हणतात. फिशपाँड म्हणजे माशांचे तळे. तळ्यात गळ टाकावा आणि कोणता मासा लागेल हे कोणालाही ठाऊक नसावे, तशीच पेटीतून कोणाच्या नावाची चिठ्ठी निघेल हे कोणालाही ठाऊक नसते. प्रत्येक चिठ्ठीवर एखाद्या विद्यार्थ्याच्या खोडीवर, सवयीवर किंवा लकबीवर दोन विनोदी ओळी लिहिलेल्या असतात. चिठ्ठी वाचली जाते, पटांगणात हशा पिकतो आणि ज्याचे नाव निघाले तो लाजत पुढे येऊन आपली चिठ्ठी स्वीकारतो.

रोज उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्याला अशी चिठ्ठी मिळू शकते :

‘घंटा वाजे दहा वाजता, स्वारी येई साडेदहाला;
बोर्डाचा पेपर थांबत नाही, एवढे सांगा महाराजाला!’

शिक्षकही यातून सुटत नाहीत. गणिताच्या शिक्षकांसाठी एखादा धीट विद्यार्थी लिहितो :

‘फळ्यावरती गणित संपे, “कळले का?” हा प्रश्न उरे;
“हो” म्हणणारे चाळीस आम्ही, कळले ज्यांना दोघेच खरे!’

यात शिक्षकांची लकब टिपली आहे. परंतु खरा नेम वर्गावरच आहे. म्हणून शिक्षकही हसतात आणि वर्गही हसतो.

आता ‘शेला-पागोटे’ या नावाचा अर्थ पाहण्याजोगा आहे. शेला हे खांद्यावर घेण्याचे उंची वस्त्र आणि पागोटे हे मस्तकावर धारण करण्याचे. मानकऱ्याचा गौरव करताना त्याला शेला-पागोटे द्यावे, ही महाराष्ट्रातील जुनी चाल आहे. थट्टेच्या दोन ओळींना आपल्या भाषेने दगड म्हटले नाही, काटा म्हटले नाही. मानाच्या वस्त्राचे नाव दिले. थट्टा अशी असावी, की ज्याची केली त्याने ती अंगावर मिरवीत घरी जावे, हेच जणू या नावाने सुचविले आहे.

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. समजा, एखाद्या वर्गात असा एक मुलगा आहे, की ज्याचे आई-वडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी दूरच्या साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपला म्हणजे परततात. जालना जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांची ही दरवर्षीची वाट आहे. मुलगा म्हाताऱ्या आजीजवळ राहतो. आजीला नीट दिसत नाही. म्हणून भाकरी तोच थापतो आणि ती पुष्कळदा करपते. मधल्या सुट्टीत त्याच्या डब्यातील काळी भाकरी सर्वांना दिसते. कोणीतरी त्या भाकरीवर दोन यमकबद्ध ओळी लिहितो. यमक चांगले जुळते, हशाही मोठा होतो. तो मुलगाही हसतो. कारण न हसणे त्याहून कठीण असते. पण घरी गेल्यावर तो ती चिठ्ठी आजीला वाचून दाखवू शकत नाही. शाळेने त्याला दहा वर्षांत जे जे दिले, त्यात अखेरच्या दिवशी या एका चिठ्ठीची भर पडते आणि पुढे कित्येक वर्षे शाळेची आठवण झाली, की आधी तीच आठवते.

म्हणूनच जाणते शिक्षक पेटीतील चिठ्ठ्या आधी स्वतः वाचतात. एखाद्याचे दारिद्र्य, जात, रंग, शरीराचे व्यंग, घरातील दुःख यांवर लिहिलेल्या चिठ्ठ्या ते मुकाट्याने बाजूला काढतात. त्यांची कसोटी साधी असते. जे माणसाने स्वतः ओढवून घेतले नाही आणि जे त्याला टाकताही येत नाही, त्याची थट्टा करू नये. उशिरा येणे सोडता येते, बढाई मारणे सोडता येते, शेजाऱ्याचे पेन घेऊन परत न करणेही सोडता येते. आई-वडिलांची गरिबी मुलाला सोडता येत नाही.

मग त्या मुलासाठी चिठ्ठी लिहूच नये काय? तसेही नव्हे, कारण ज्याच्या नावाची चिठ्ठीच निघत नाही, तो वर्गात असूनही नसल्यासारखा होतो. त्याच्याकडे जरा अधिक लक्ष देऊन पाहिले पाहिजे, एवढेच. वर्गातील निम्म्या सायकलींची पडलेली चेन तोच बसवून देतो, हे ज्याच्या ध्यानात आले असेल, तो लिहील :

‘चेन पडो वा चाक वाकडे, हाक जाते याच्याच दारी;
पेपराआधी हात धुवा हो, वंगण माखेल पुरवणी सारी!’

या चिठ्ठीलाही पटांगण हसेल. परंतु ही चिठ्ठी आजीला वाचून दाखविता येईल. दोन्ही चिठ्ठ्या एकाच मुलाच्या हातांविषयी आहेत. एकीने त्या हातांचे उणे पाहिले, दुसरीने त्यांचा गुण पाहिला.

विनोद आणि टवाळी यांतील हा भेद याच जिल्ह्याच्या मातीत जन्मलेल्या एका संताने फार पूर्वी ओळखला होता. घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली समर्थ रामदासस्वामींचा जन्म झाला. त्यांनी आपल्या ‘दासबोध’ ग्रंथात टवाळखोर माणसाच्या विनोदप्रीतीला नावे ठेवली आहेत. यावरून समर्थांना हसण्याचेच वावडे होते, असे कोणाला वाटेल. परंतु त्याच ग्रंथात त्यांनी मूर्खांची लक्षणे एकामागून एक सांगितली आहेत. स्वतःच स्वतःची स्तुती करणारा मूर्ख आपल्यासमोर उभा राहिला, की वाचकाला हसू आवरत नाही. मात्र त्या यादीत नाव कोणाचेच नाही. वाचणारा आधी शेजाऱ्याला हसतो आणि दोन ओव्या पुढे गेल्यावर स्वतःलाच ओळखून ओशाळतो.

गुरुगृहाचा निरोप घेण्याचा विधी आपल्या देशात अतिशय प्राचीन आहे. त्याला ‘समावर्तन’ म्हणत. अध्ययन पुरे झाल्यावर शिष्य विधिपूर्वक स्नान करी आणि मग घरी परते. म्हणून त्याला ‘स्नातक’ असे नाव मिळाले. पदवीधराला आपण आजही स्नातक म्हणतो. निरोपाच्या वेळी गुरूने शिष्याला केलेला उपदेश तैत्तिरीय उपनिषदात आला आहे. सत्य बोल, अध्ययनात हयगय करू नकोस, माता, पिता, आचार्य आणि अतिथी यांना देवासमान मान, असे गुरू सांगतात. आणि पुढे ते एक फार मोठी गोष्ट सांगतात : आमचे जे जे आचरण चांगले असेल, तेवढेच तू घे, इतर घेऊ नकोस. आपल्यातही उणिवा असू शकतात, हे गुरूने निरोपाच्या क्षणी शिष्याजवळ मान्य केले. ‘कळले का?’ या चिठ्ठीला मनमोकळेपणे हसणारे शिक्षक, नकळत का होईना, त्याच परंपरेचे पाईक असतात.

असे समारंभ इतर देशांतही होतात. फिनलंडमध्ये उच्च माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातील मुले फेब्रुवारी महिन्यातच वर्गांना निरोप देतात; कारण पुढे त्यांची मोठी परीक्षा असते. त्या कडाक्याच्या थंडीत ती नाना प्रकारची सोंगे घेऊन मालमोटारींतून गावभर फिरतात. मोटारींच्या बाजूंना शाळेविषयी आणि अभ्यासाविषयी विनोदी फलक लावलेले असतात आणि रस्त्याकडेच्या लहान मुलांवर गोळ्या-मिठाईची उधळण होते. अमेरिकेतील कित्येक शाळांत शेवटचा वर्ग थट्टेने आपले ‘मृत्युपत्र’ करतो आणि आपली मोडकी बाके, आवडता कोपरा, उशिरा येण्याची सवय धाकट्यांच्या नावे करून देतो. त्याच देशात ॲनापोलिस येथील नौदल अकादमीच्या पदवीधरांनी १९१२ साली आपल्या टोप्या आकाशात उधळल्या; ती प्रथा पुढे पुष्कळ ठिकाणी पसरली. देश निराळे, हवा निराळी. परंतु ताटातुटीचे दुःख हलके करण्यासाठी हास्याचा आधार घ्यावा, हे मुलांना सगळीकडेच सुचले.

जालन्याच्या परिसरात तर शाळेचा निरोप म्हणजे एके काळी गावाचाच निरोप असे. १९४८ पूर्वी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी शाळांत वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले आणि उच्च शिक्षणासाठी, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाकडे, दूर हैदराबादला जावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी त्याच शहरात मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. उच्च शिक्षण जालन्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर आले. शालान्त परीक्षा त्या काळी अकरावीला होई. दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. वाटा अशा जवळ आल्या, तरी सर्वांसाठी त्या सारख्याच सोप्या झाल्या असे नाही. समारंभाला बसलेल्या मुलांपैकी कोणी तालुक्याच्या महाविद्यालयात जाईल, कोणी तंत्रशिक्षण घेईल, कोणाला लगेच कामाला लागावे लागेल. ज्या गावात दहावीपुढे शाळा नाही, तेथील एखाद्या हुशार मुलीला आपले शिक्षण पुढे चालेल की नाही, हे त्या दिवशी ठाऊकही नसते.

अशा मुलीच्या हातात त्या दिवशी काय पडते, याला म्हणून महत्त्व आहे. वर्गात सतत प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला मैत्रिणींनी ‘आमच्या बॅरिस्टरबाई’ अशी चिठ्ठी दिली, तर ती थट्टाच असते. पण त्या थट्टेत एक भविष्यही असते. आपण काय होऊ शकतो, हे कधी कधी माणसाला प्रथम मित्रांच्या विनोदातूनच कळते. ती चिठ्ठी वह्यांच्या गठ्ठ्यात जपून राहते आणि घरात शिक्षणाचा प्रश्न निघाला, म्हणजे मनाला बळ देते.

समारंभ संपतो. चिवड्याच्या आणि पेढ्यांच्या पुड्या वाटल्या जातात. सकाळपासून हसणाऱ्या मुलांचे डोळे आता भरून येतात. पण कोणी कोणाला तसे दिसू देत नाही. नववीची मुले सतरंज्या झटकून गुंडाळू लागतात. त्यांच्यासाठी आता शाळेत मोठे कोणी उरलेले नसते. पुढच्या वर्षी पाहुण्यांच्या रांगेत त्यांनाच बसावयाचे असते आणि त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या, आज आठवीत असलेल्या मुलांसमोर, त्यांचेच सोबती वाचणार असतात.

स्वाध्याय

१. थट्टेच्या चिठ्ठ्यांना ‘शेला-पागोटे’ हे नाव का शोभते, ते पाठाच्या आधारे लिहा.
२. करपलेल्या भाकरीवरील चिठ्ठी आणि सायकलच्या चेनवरील चिठ्ठी यांतील फरक स्पष्ट करा.
३. ‘स्नातक’ या शब्दाचा मूळ अर्थ सांगा.
४. समर्थांनी मूर्खांची लक्षणे सांगताना कोणाचेही नाव का घेतले नसावे? तुमचे मत लिहा.
५. तुमच्या वर्गातील एका सोबत्यासाठी दोन ओळींचे शेला-पागोटे रचा. ते त्याला घरी वाचून दाखविता येईल असे असावे.