मोजणी चुकते ती फ्लिप-फ्लॉपच्या बाहेर

पॉवर प्रेसचा एक ठोका म्हणजे एक वॉशर. ठोका पडला की कॅम मायक्रोस्विच दाबतो आणि खांबावरच्या डब्यातला आकडा एकाने पुढे जातो. भोसरीतल्या एका लहान शेडमध्ये हा आकडा वजनकाट्याशी जुळेना. काउंटर सांगायचा तितका माल पेटीत नसायचा. मग व्हायचं तेच झालं. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरवर संशय गेला, त्याला त्या मशिनवरून हलवलं, आणि नवा माणूस आल्यावरही आकडा तसाच फुगत राहिला. मला बोलावलं तोवर बोर्डावरच्या आयसी बदलून झाल्या होत्या. नव्या आयसींनीही तेच केलं, कारण जुन्या मुळात बिघडलेल्याच नव्हत्या.

काउंटर ७४९० चा होता. या आयसीच्या पोटात चार फ्लिप-फ्लॉप असतात. क्लॉकच्या पिनवरचा सिग्नल पाच व्होल्टवरून शून्यावर उतरला की पहिला फ्लिप-फ्लॉप आपली बाजू पालटतो आणि पुढच्यांना हलवतो. किती वेळा उतरला एवढंच त्याला कळतं. कोणी उतरवला, कशासाठी, हे त्याला कळत नाही. तिथे क्लॉकच्या पिनला मायक्रोस्विच थेट जोडलेला होता.

स्कोप लावला आणि एक मिलिसेकंदाच्या घरावर ठेवला. ठोका पडला. रेषा पाचवरून खाली आली, लगेच वर उसळली, पुन्हा खाली, मग दोन बारीक दात, आणि तीन-चार मिलिसेकंदांनी ती खाली स्थिर झाली. स्विचमधली पत्ती कॉन्टॅक्टवर आदळून उडते, त्याचं हे चित्र. डोळ्याला तो एकच ठोका दिसतो. ७४९० ला मात्र काही नॅनोसेकंद पुरतात, त्यामुळे तिच्या लेखी ते चार ठोके. बहुतेक वेळा पत्ती नीट बसायची, मधूनच उडायची. म्हणून आकडा दुप्पट-तिप्पट न होता दिवसाकाठी थोडाथोडा वाढायचा. दुप्पट झाला असता तर पहिल्याच दिवशी कुणीही स्विचकडे बोट दाखवलं असतं. थोडा वाढला की माणसाकडे बोट जातं.

मल्टिमीटरवर हे दिसत नाही. मीटर पाच दाखवतो, शून्य दाखवतो आणि सगळं ठीक असल्याचा निर्वाळा देतो. मोजणीच्या तक्रारीवर नुसता मीटर घेऊन जाऊ नका. साधा जुना स्कोप चालेल, पण तो हवाच.

उपायाला दहा-वीस रुपयांचं सामान लागलं, आणि तोही फ्लिप-फ्लॉपच. मायक्रोस्विचला तीन टोकं असतात: कॉमन, एनओ आणि एनसी. बोर्ड बनवणाऱ्याने एनसी रिकामं सोडलं होतं. ७४०० मधले दोन नँड गेट एकमेकांत अडकवले, म्हणजे याचं आउटपुट त्याच्या इनपुटला आणि त्याचं याला. मोकळ्या राहिलेल्या एकेका इनपुटला ४.७ किलो-ओहमने पाच व्होल्टवर ओढलं, एकाला एनओ आणि दुसऱ्याला एनसी जोडलं, कॉमन ग्राउंडला. झाला एसआर लॅच. पत्ती एनओला पहिल्यांदा टेकली की लॅच पालटतो. मग ती उडून हवेत राहिली तरी दोन्ही इनपुट वर असतात आणि लॅच होता तसाच राहतो. परत पालटायला पत्तीने थेट पलीकडच्या एनसीला जाऊन टेकायला हवं, आणि उडताना ती तेवढी लांब जात नाही. एका ठोक्याला एकच कड बाहेर पडू लागली. आकडा आणि काटा जुळले. त्या ऑपरेटरला परत त्या मशिनवर घेतलं की नाही, ते मला कुणी सांगितलं नाही.

अशा ठिकाणी बरेच जण स्विचवर कॅपॅसिटर टाकून मोकळे होतात. त्याने उसळ्या गुळगुळीत होतात हे खरं, पण कड आळसावते. सिग्नल हळूहळू चढत-उतरत असताना शून्य की एक हे ठरण्याच्या उंबरठ्यावर तो रेंगाळतो, आणि तेवढ्यात सप्लायवर जरा गडबड झाली की पुन्हा दोन-तीन मोजण्या. कॅपॅसिटर टाकायचाच असेल तर त्याच्यापुढे ७४१४ सारखा श्मिट ट्रिगर घाला. चढताना एक पातळी, उतरताना दुसरी, त्यामुळे कड पुन्हा धारदार होते. ज्या पुश बटणाला दोनच टोकं असतात तिथे हाच मार्ग. एकाच बटणाने दिवा चालू-बंद करायला आपण ७४७४ ची उलट आउटपुट डी-इनपुटला जोडतो. त्या सर्किटमध्ये बटण उडून कडा सम संख्येत आल्या तर दिवा हलतच नाही. लोक समजतात बटण खराब आहे, आणि आणखी जोरात दाबतात.

पुढचा नेहमीचा आजार मोकळ्या पिनांचा. ७४७४ मध्ये दोन डी फ्लिप-फ्लॉप असतात आणि प्रत्येकाला प्रीसेट आणि क्लिअर. वापरायच्या नसतील तर या पिना तशाच लोंबकळत सोडायची पद्धत आहे. टीटीएलची मोकळी पिन सहसा 'वर' असल्यासारखी वागते, त्यामुळे टेबलावर सर्किट छान चालतं. शेजारी कॉन्टॅक्टर पडला किंवा वेल्डिंग सुरू झालं की तीच पिन ॲंटेना होते आणि फ्लिप-फ्लॉप मध्येच पुसला जातो. ७४७४ च्या या पिना एक किलो-ओहमने पाच व्होल्टवर बांधा. सीमॉसची ४०१३ वापरत असाल तर गोष्ट उलटी आहे. तिथले सेट आणि रिसेट वर गेल्यावर काम करतात, म्हणून ते ग्राउंडला बांधायचे. ७४७४ ची सवय लागलेला माणूस ४०१३ च्या दोन्ही पिना वर बांधतो, मग दोन्ही आउटपुट वर जाऊन बसतात आणि तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने बनावट आयसी दिली म्हणून भांडण होतं. सप्लायचंही तसंच. चौदा पिनांच्या आयसीला सात ग्राउंड आणि चौदा सप्लाय हे बोटांत बसलेलं असतं. पण ७४९० ला सप्लाय पाचवर, ग्राउंड दहावर, आणि सोळा पिनांच्या ७४७६ ला पाच आणि तेरा. डेटाशीट उघडायला लाजू नका.

प्रत्येक आयसीच्या सप्लायवर, पायांना अगदी चिकटून, १०४ छापलेला सिरॅमिक कॅपॅसिटर हवा. सेन्सरची वायर मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून नेऊ नका. रिलेची कॉइल डीसी असेल तर तिच्यावर उलटा डायोड लावा. कॉन्टॅक्टरची कॉइल एसी असेल तर डायोड चालत नाही, तो शॉर्टच करेल. तिथे रेझिस्टर-कॅपॅसिटरचा स्नबर.

डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत जेके फ्लिप-फ्लॉपचा रेस-अराउंड मुलं घडाघडा सांगतात. बाजारातल्या कडेवर चालणाऱ्या आयसीत तो प्रश्न सुटलेला आहे. प्रत्यक्षात नडते ती रिपल काउंटरची बारीक खोड, आणि ती क्वचितच कुणी विचारतं. ७४९३ मध्ये एका फ्लिप-फ्लॉपची आउटपुट पुढच्याचं क्लॉक असते, म्हणून सगळे एकदम हलत नाहीत, एकामागून एक हलतात. सातावरून आठावर जाताना ०१११ चं सरळ १००० होत नाही. आधी ०११०, मग ०१००, मग ०००० आणि शेवटी १०००. म्हणजे काही नॅनोसेकंद काउंटर खरोखर सहा, चार आणि शून्य दाखवून जातो. दिव्यांवर ते कळणारही नाही. पण 'चार झाले की' असं गेट लावून त्याने दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपचं क्लॉक किंवा क्लिअर चालवलं असेल, तर आठाच्या वेळीही चाराची पेटी भरल्याचा इशारा जाऊ शकतो. गेटने ओळखलेली संख्या क्लॉकवर कधी देऊ नका. ती डी-इनपुटला द्या आणि पुढच्या कडेला उचलू द्या. नाहीतर सगळे फ्लिप-फ्लॉप एकाच क्लॉकवर चालणारी ७४१६३ घ्या, जिचं क्लिअरही क्लॉकच्या कडेलाच लागू होतं.

रिपल काउंटर वाईट असं मात्र नाही. नुसतं भागायचं असेल तर त्याच्यासारखं स्वस्त काही नाही. घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात, म्हणून पंधरा फ्लिप-फ्लॉप ओळीने लावले की सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. ४०६० मध्ये चौदाच टप्पे असतात आणि तिथून दोन हर्ट्झ बाहेर येतात. पंधराव्यासाठी अर्धी ४०१३ जोडावी लागते.

मायक्रोकंट्रोलरवाल्यांनाही यातून सुटका नाही, त्याच्या पोर्टाचा एकेक बिट फ्लिप-फ्लॉपच आहे. बाहेरचा सिग्नल क्लॉकची वाट पाहून येत नाही. तो नेमका कडेच्या क्षणी बदलला तर फ्लिप-फ्लॉप काही काळ शून्य आणि एकाच्या मध्ये अडकू शकतो. चेनी आणि मॉलनार या अमेरिकी संशोधकांनी १९७३ मध्ये हे मोजून छापलं. सर्किट वेगवान असेल तर असा सिग्नल दोन फ्लिप-फ्लॉप ओळीने लावून आत घ्यावा. आणि तो एकाच ठिकाणी आत घ्यावा. दोन ठिकाणी घेतला तर एकाला तो आला असं वाटतं, दुसऱ्याला अजून नाही.

आता सर्वांत धोक्याचं. सप्लाय चालू होताना फ्लिप-फ्लॉप शून्यात उठेल की एकात, याची हमी नसते. गॅदरिंगच्या प्रश्नमंजुषेत बझरचा डबा चालू करताच, प्रश्नाआधीच, एखाद्या संघाचा दिवा लागलेला असतो. सगळे हसतात, निवेदक रिसेट दाबतो. तोच फ्लिप-फ्लॉप कन्व्हेअरच्या मोटरवर असेल तर? विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर बघा. हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टर स्वतःच्याच कॉन्टॅक्टने स्वतःला धरून ठेवतो, लाल दाबलं की सोडतो. हाही एक लॅचच. पण वीज गेली की तो पडतो आणि वीज आल्यावर पडलेलाच राहतो. रात्री-अपरात्री वीज येते म्हणून शेतकरी त्याला वेगळा ऑटो बसवतो, तो जाणूनबुजून. आपल्या बोर्डावर हे आपोआप घडत नाही, घडवावं लागतं. १० किलो-ओहम आणि १० मायक्रोफॅरड, पुढे ७४एचसी१४ चा श्मिट, आणि तिथून क्लिअर. एकदा उलटवून मिळतं ते वर जाणारं की खाली, आणि आपल्या आयसीला कोणतं हवं, ते पाहून जोडा. अंदाजे दशांश सेकंद फ्लिप-फ्लॉप पुसलेला राहतो. त्या रेझिस्टरवर डायोड विसरू नका, सप्लायच्या बाजूला कॅथोड. तो नसेल तर वीज डोळा मिचकावून परत आली तेव्हा कॅपॅसिटर रिकामा झालेला नसतो आणि रिसेट होतच नाही. आपल्याकडे वीज बहुतेक वेळा अशीच जाते. म्हणून बोर्ड तपासताना सप्लाय भराभर चालू-बंद करून पाहा, सावकाश नाही.

आणि इतकं सगळं नीट केलं तरी मशिनचं आणीबाणीचं लाल बटण फ्लिप-फ्लॉपच्या क्लिअरला जोडून थांबू नका. एक आयसी जळून आउटपुट वर अडकली की ते बटण निरुपयोगी. कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वायर सरळ त्या बटणातून घ्या, आणि मशिन ताब्यात देण्याआधी चालत्या मोटरवर ते बटण स्वतः दाबून पाहा.