मीडच्या विशिष्ट गुरुत्वाची अनपेक्षित नोंद : निदानाची पद्धत

मध पाण्यात विरघळवून यीस्टच्या साहाय्याने त्याचे किण्वन केले असता जे पेय तयार होते, त्यास मीड म्हणतात. पुण्यात त्याचे व्यावसायिक उत्पादन सुरू झाल्यापासून मधपाळांचे लक्ष या मूल्यवर्धनाकडे वळले आहे. म्हैसूरलगतच्या हिनकलवरून हुणसूरमार्गे जाणारा रस्ता ज्या कोडगूत पोहोचतो, तेथील कॉफीच्या बहराचा मध असो वा महाबळेश्वरच्या जंगलातील सातेरी मधमाशीचा मध असो, किण्वनाच्या टाकीत उतरल्यावर अडचण एकच येते : हायड्रोमीटरचा आकडा अपेक्षेशी जुळत नाही. अशा वेळी घाईने मध वाढविणे किंवा किण्वन संपले असे मानून बाटल्या भरणे, दोन्ही महागात पडते. चूक कोणत्या दिशेने आणि किती अंकांची आहे, हे पाहिल्यास कारण बहुधा सापडते. या लेखात १.०७८ या नोंदीस ‘७८ अंक’ असे म्हटले आहे.

१. अपेक्षित आकडा आधी काढावा

१८ टक्के पाणी असलेल्या १ किलो मधात सुमारे ८२० ग्रॅम घनपदार्थ असतात व ते जवळजवळ सर्व शर्कराच असतात. हा मध पाण्याने एकूण ४ लिटर केल्यास नोंद सुमारे १.०७८ यावयास हवी. हा आकडा वहीत लिहून ठेवल्याशिवाय ‘कमी’ किंवा ‘जास्त’ या शब्दांना अर्थ नाही.

२. आरंभीची नोंद कमी असल्यास

अ) आकारमान : १ किलो मध सुमारे ०.७ लिटर जागा व्यापतो. त्यात ४ लिटर पाणी ओतल्यास द्रावण ४.७ लिटर होते आणि नोंद १.०६७ येते. तब्बल ११ अंकांची ही तूट केवळ ‘४ लिटर पाणी’ आणि ‘एकूण ४ लिटर’ यांतील फरकाची असते.

आ) मधातील पाणी : कप्पे मेणाने बंद होण्यापूर्वी काढलेल्या मधात पाण्याचे प्रमाण अधिक असते. सातेरीच्या मधात दमट हवामानात हे विशेष आढळते. भारतीय मानकानुसार मधात पाणी २० टक्क्यांहून अधिक नसावे. २३ टक्के पाणी असल्यास वरील उदाहरणात नोंद १.०७४ येईल, म्हणजे तूट केवळ ४ अंकांची. म्हणून १०–१५ अंकांच्या तुटीचा दोष मधमाशीला किंवा हंगामाला देता येत नाही.

इ) अपुरे मिश्रण : मध जड असल्याने तळाशी बसतो. टाकीच्या वरच्या व खालच्या थरांतून वेगवेगळे नमुने घ्यावेत. दोन्ही नोंदी भिन्न आल्यास पुन्हा ढवळावे, मध वाढवू नये.

ई) तापमान : आज बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला प्रमाणित असतात. नमुना ३० अंशांवर असल्यास नोंद २ ते ३ अंकांनी, तर ३५ अंशांवर सुमारे ४ अंकांनी कमी दिसते. २० अंशांच्या ऊर्ध्वपातित पाण्यात उपकरण १.००० दाखविते का, हेही एकदा तपासावे.

३. किण्वनकाळात नोंद जास्त असल्यास

कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्यास वर उचलतात व आकडा फुगतो. नमुना दोन पेल्यांत अनेकदा वरून ओतून वायू घालवावा आणि मगच मोजावे.

रिफ्रॅक्टोमीटर वापरणाऱ्यांची फसगत वेगळी आहे. अल्कोहोल पाण्यापेक्षा प्रकाशाचे अपवर्तन अधिक करते. १८ ब्रिक्सपासून सुरू झालेले द्रावण पूर्ण कोरडे झाले तरी हे उपकरण सुमारे ६ ब्रिक्स दाखविते. किण्वन सुरू झाल्यावर त्याची नोंद रूपांतर-सूत्राशिवाय ग्राह्य धरू नये. मधातील पाणी मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर तर या कामास चालतच नाही, कारण त्याची मापनश्रेणी अतिघट्ट द्रावणासाठी असते.

ही कारणे वगळल्यावरही आकडा अडून राहिला, तरच यीस्टकडे वळावे. मधात नत्र अत्यल्प असते, त्यामुळे यीस्टची उपासमार होते. शिवाय किण्वनात द्रावणाची आम्लता लवकर वाढते. खाद्य प्रतीचे पोषक मिश्रण पहिल्या एकतृतीयांश शर्करेचे किण्वन होईपर्यंत हप्त्याहप्त्याने द्यावे. शेतातील डीएपी खत यासाठी कदापि वापरू नये.

४. नोंद १.००० च्या खाली गेल्यास

हा दोष नव्हे. अल्कोहोलची घनता पाण्याहून कमी असल्याने कोरड्या मीडची नोंद ०.९९५ च्या आसपास येणे स्वाभाविक आहे.

५. बाटल्या भरण्यापूर्वी

वायू घालवून व तापमान-दुरुस्ती करून घेतलेली नोंद दोन आठवड्यांत तीनदा तीच यावयास हवी. तथापि १.०२० वर स्थिर असणे म्हणजे किण्वन संपणे नव्हे. ते केवळ थांबलेले असू शकते व बाटलीत पुन्हा सुरू होऊ शकते. बंद बाटलीत आणखी १० अंकांचे किण्वन झाल्यास प्रत्येक लिटरमागे सुमारे ५ लिटर वायू निर्माण होतो. साधी काच हा दाब पेलू शकत नाही. बाटली फुटून डोळ्यास वा हातास इजा होण्याचा धोका असतो.

महत्त्वाची सूचना : मद्यनिर्मिती परवान्याशिवाय करता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा, तर कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा लागू आहे. मधपाळांनी परवानाधारक उत्पादकाशी करार करूनच या क्षेत्रात उतरावे, आणि मध देताना त्यातील पाण्याचे प्रमाण लेखी नोंदवून द्यावे. पुढे टाकीतील आकडा चुकल्यास दोष मधाचा की मापनाचा, हे त्या एका नोंदीवरून ठरविता येईल आणि मधपाळाच्या मालाची किंमत विनाकारण पडणार नाही.