बाधिर्य : कर्णपूरणापूर्वी नादकाट्याची परीक्षा

श्रवणेंद्रियाचे अधिष्ठान कर्ण व त्याचा विषय शब्द, हे आपण प्रथम वर्षापासून म्हणत आलो आहोत. परंतु शब्द कानात नेमका कोठे अडला हे न पाहता कर्णपूरण करणे आम्हांस एकदा महाग पडले. खरे तर रुग्णास पडले. सदरमधील आमच्या चिकित्सालयात एक गृहस्थ, सकाळी उठल्यापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून आले. मळ फुगला असावा असे धरून आम्ही आठ दिवस बिल्व तेल योजले. दोष नाडीचा होता. त्या कानाचे श्रवण परतले नाही.

ध्वनी म्हणजे हवेतील संपीडन व विरलन यांची लाट. ती द्रवात थेट शिरू पाहील तर बहुतांश ऊर्जा परावर्तित होते. म्हणून मध्यकर्णाची योजना आहे. हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन अस्थी कर्णपटलाचा कंप अंतःकर्णातील द्रवाकडे नेतात. पटलाचे कार्यक्षम क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट असल्याने दाब वाढतो. पुढे शंखाकृती नलिकेतील केशपेशी कंपाचे नाडीसंदेशात रूपांतर करतात. मनुष्यात या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत. आणि पटल अखंड असता तेल त्याच्या बाहेरच राहते.

सुश्रुताचार्यांनी २८ कर्णरोग सांगितले असून बाधिर्यात वायू व कफ यांमुळे शब्दवह मार्गाचा अवरोध वर्णिला आहे. हा दोष वहनमार्गाचा की अंतःकर्णाचा वा नाडीचा, हे ५१२ हर्ट्झचा नादकाटा सांगतो. तो टेबलावर न आपटता कोपरावर हलकेच मारावा. (बाजारालगत चिकित्सालय असल्यास दारे लावून घ्यावीत, रस्त्याच्या गोंगाटात ही परीक्षा व्यर्थ.) दांडा कपाळाच्या मध्यावर टेकविता ध्वनी बधिर कानात मोठा वाटला तर वहनमार्गाचा दोष, निरोगी कानात वाटला तर अंतःकर्णाचा वा नाडीचा. नंतर दांडा कानामागील अस्थीवर व मग काटा कानासमोर धरावा. समोर अधिक ऐकू येणे प्राकृत. अस्थीवर अधिक येणे वहनदोषाचे लक्षण. मात्र पूर्ण बधिर कानात अस्थीवरील ध्वनी दुसराच कान ऐकतो, म्हणून दोन्ही परीक्षा एकत्र वाचाव्यात.

औषधी विक्रेत्यांसही विनंती, की कान वाहत असल्यास वा पटल फुटल्याची शंका असल्यास कानात घालण्याचे तेल देऊ नये. ‘कालपासून अचानक ऐकू येईना’ असे कोणी म्हटल्यास त्याच दिवशी कर्णतज्ज्ञांकडे धाडावे. अशा नाडीदोषात स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांच्या आत सुरू झाला तरच लाभाची आशा अधिक असते. आमच्या रुग्णाचे त्यांतील आठ दिवस तेलात गेले.