आनंदाचा रतीब

परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, जून कधी आला नि कधी गेला, कळलंच नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही ग." माझा कुकर शिट्टीवर आला होता, म्हणून तेव्हा बोलले नाही. आता निवांत सांगते. सिलिंडर कधी लावला ते तू लिहून ठेवतेस, कामवाल्या मावशींचे खाडे लिहून ठेवतेस, विजेचं बिल कधी भरलं तेही. मग आनंदानं तुझं काय घोडं मारलंय, की त्याचीच तेवढी नोंद नाही?

मी १९७१ साली लग्न होऊन सासवडला आले. स्वयंपाकघराच्या दाराआड चुना दिलेली भिंत होती. गवळ्यानं दूध घातलं की सासूबाई, म्हणजे तुझी पणजी, तिथं कोळशाची एक रेघ ओढायच्या. तो आला नाही तर रेघेऐवजी फुली. हा दुधाचा रतीब. पण काही रेघांच्या डोक्यावर कुंकवाचं बोट टेकवलेलं असे. महिना भरला की गवळी उंबऱ्याशी बसून रेघा मोजायचा. एकदा त्यानं विचारलं, "काकू, हे लाल कसलं? जादा दूध घेतलंत का त्या दिवशी?" सासूबाई म्हणाल्या, "घेतलं. पण ते तुझ्या म्हशीचं नव्हे."

त्यांना लिहिता येत नव्हतं, पण बोटाबोटाचं सांगायच्या. हे माहेरचा माणूस आला तेव्हाचं, हे अंजिराला पहिलं फळ धरलं तेव्हाचं. कालनिर्णय १९७३ पासून निघू लागलं. आमच्या घरात ते आणखी दोन वर्षांनी आलं. त्यातल्या चौकटी पाहून त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, रेघा ओढायचं काम वाचलं." कुंकवाच्या जागी मी पेन्सिल धरली, ती अजून सोडलेली नाही. या पन्नासेक वर्षांत जे हाताला लागलं ते तुझ्या कानात सांगते.

१. नवी वही आणू नकोस.
नव्या डायरीला दहा जानेवारीनंतर कुणी विचारत नाही. जिथं रोज नजर जातेच, तिथं लिहावं. मी पाठवलेलं कालनिर्णय तू फ्रिजवर गुंडाळून ठेवलंयस, ते आधी ओट्याजवळ खिळ्याला लाव. पेन्सिल दोऱ्यानं त्याच खिळ्याला बांध. शोधायला उठावं लागलं की नोंद राहिलीच म्हणून समज. चौकट एवढीशी असते, हा तिचा गुण. आठ-दहा शब्दांपलीकडे जागाच नाही, त्यामुळे कंटाळाही येत नाही. रात्री ओटा पुसून झाला की लिहायचं. सकाळवर टाकलंस तर अर्धं विसरशील.

२. 'छान', 'मस्त', 'मजा आली' यांना बंदी.
वस्तू लिही, माणूस लिही, वास लिही. 'दिवस मस्त गेला' हे महिन्यानं वाचून काय कळणार? माझा सरलेला जून बघ:

५ – शेवटचा पायरी. रस नाही, चोखून.
८ – मृगाचं वाहन बघायला चष्मा शोधला. डोक्यावरच. आजोबा पोट धरून हसले.
११ – लोणच्याच्या बरणीला दादरा बांधला.
१६ – शेजारच्या पोराची पुस्तकं. खाकी कव्हरं, कोऱ्या कागदाचा वास.
२२ – गाडीतळ. "माय, अजून एक भाकर."
२५ – लाइट गेली. सगळा जिना गप्पांना.

बावीसच्या चौकटीत शब्द मोजून पाच, पण वाचले की सगळं समोर उभं राहतं. पुण्यातला मुक्काम आटोपून वारीच्या दोन्ही पालख्या हडपसरला, आमच्या इथल्या गाडीतळावर येतात. इथून तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची दिवे घाट चढून माझ्या सासवडला. आम्ही सोसायटीतल्या बायका पिठलं-भाकरी घेऊन उभ्या होतो. परभणीकडची एक वारकरी आली, माझ्याच वयाची. उभ्या उभ्या भाकरी खाल्ली, दुसरी मागून घेतली, आणि जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली. आमच्या घरात हल्ली आजोबांची एक आणि माझी अर्धी, एवढाच स्वयंपाक. माझ्या हातची भाकरी कुणी मागून घेतल्याला किती वर्षं झाली होती, ते मला त्या रात्री पेन्सिल हातात धरल्यावर कळलं.

३. खर्चाच्या वहीत गेलेलं इथं नको.
साडी, मिक्सर, हॉटेलातलं जेवण यांची नोंद पैशांच्या हिशेबात झालेली असते. इथं फुकटचं लिही. तू विचारशील, पायरी विकतचा होता, तो कसा चालला? अग, पैसे आंब्याचे पडले. कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर चोखायचे वेगळे पैसे कुणी घेतले नाहीत.

४. खाडा पडला तर खाडाच लिही.
१७ ते १९ माझ्या चौकटींत फुल्या आहेत. दाढ. त्या तीन दिवसांत ओढूनताणून 'तरी चहा बरा होता' असं लिहिलं नाही. बरा नव्हताच, झोंबत होता. एक खोटी नोंद घातलीस की खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. हिशेबाला बसलीस की खाडे तेवढे वजा कर आणि बाकीचा महिना शाबूत ठेव. गवळी तीन दिवस आला नाही म्हणून सत्तावीस दिवसांचं दूध कुणी ओतून देत नाही.

१९७२ च्या दुष्काळात मात्र आमच्या गवळ्यानं म्हशीच विकल्या आणि रतीब बंद पडला. भिंतीवरच्या रेघा थांबल्या. तरी त्या कोऱ्या जागेत पुढच्या पावसापर्यंत कुंकवाची तीन बोटं उमटली. एक मला ठाऊक आहे. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाणाऱ्या माझ्या जावेनं मुलांसाठी पदराच्या गाठीत सुकडी बांधून आणली होती, त्या दिवसाचं. बाकीची दोन कशाची, ते मी विचारलं नाही.

५. माणसाचं देणं महिन्याच्या आत चुकतं कर.
ज्याच्यामुळे चौकट भरली त्याला ते सांगावं, गवळ्याचे पैसे देतो तसं, वेळेवर. २५ तारखेला लाइट गेली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं मोबाइलचा उजेड धरून मला एकेक पायरी वर आणलं. मग तोही टेकला, बाकीचेही जमले. तीस तारखेला मी त्याला म्हटलं, "तू माझ्या कालनिर्णयात आहेस." त्याला वाटलं म्हातारीचं काहीतरी. वर आला, चौकट वाचली, कान लाल झाले त्याचे. तुम्हा पोरांना आभार मानायला जड जातं आणि ऐकायला त्याहून जड. अशा वेळी कागद दाखवावा. कागद दाखवला की कुणाला अवघडायला होत नाही.

६. पान उलटायच्या आधी वाच.
शेवटच्या दिवशी संध्याकाळी चहा घेऊन बस, नवऱ्यालाही बसव, आणि मोठ्यानं वाच. त्याला त्यातलं निम्मं माहीतच नसेल. मग तीनदा किंवा जास्त वेळा काय आलंय ते शोध आणि पुढच्या महिन्यात त्याला मुद्दाम जागा करून ठेव. माझ्या मे महिन्यात 'गॅलरी, पहाटेचा चहा' पाच वेळा आलं होतं. रोज रात्री दोन तास ज्या मालिका बघायचे, त्यांतल्या एकीचंही नाव एकदासुद्धा नव्हतं. जूनपासून एकच मालिका ठेवली आणि दहाला आडवी होते, पहाटेची गॅलरी चुकू नये म्हणून. हा बदल मला कुठल्या डॉक्टरनं सांगितला नाही, भिंतीवरच्या पानानं सांगितला.

७. जुन्या पानांना कवटाळू नकोस.
मागच्या बाजूची एखादी पाककृती हवी तर कापून घे, पण वर्षानुवर्षांचे गठ्ठे नकोत. सासवडला दर दिवाळीआधी भिंतीला चुना दिला जायचा आणि वर्षभराची बोटं पुसली जायची. पहिल्या दिवाळीला ब्रश माझ्याच हातात होता. माझा हात थांबला. मी म्हटलं, "आत्या, एवढं सगळं जाणार की." सासूबाई खाली बसून पणत्या पुसत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जातंय कुठं? रतिबाचं दूध कुणी साठवून ठेवतं का? पिऊन झालं ते." मग मी सबंध भिंत पांढरी केली.

आज २ जुलै. कालची चौकट अजून आठवणीत असेल, ती आधी भर. एकतीस तारखेला मी फोन करीन. महिना कसा गेला, हे विचारणार नाही. नऊ तारखेला काय झालं, तेवढं सांग.