कोष्टकातील तांबडा रंग व डाळिंबाचे पाणी

पैसेवारी पन्नासाच्या आत आली की बाहेर राहिली, हा प्रश्न आटपाडी तालुक्यातील शेतकऱ्यास नवा नाही. एका आकड्यावर साऱ्या गावाचा निवाडा होतो, आणि त्यातील उणिवा आपण चावडीवर मोठ्याने बोलून दाखवितो. असे असता आपल्याच बागांची कोष्टके संगणकावर मांडताना आपण तोच दोष पत्करतो, हे नवल होय.

एक्सेलमध्ये "अमुक आकड्याच्या आत असेल ते घर तांबडे करावे" अशी आज्ञा देता येते. तीस कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात. शंभर ओळींच्या पत्रकात अडचणीची ओळ क्षणात डोळ्यांत भरते, ही सोय खरी. परंतु बहुतेक ठिकाणी साऱ्या रकान्यास एकच मर्यादा लावलेली आढळते, आणि डाळिंबाचे पाणी एका मर्यादेत बसत नाही.

मे महिना आहे व तीन बागांच्या विहिरींत प्रत्येकी १२ दिवसांचे पाणी उरले आहे, असे धरू. पहिली बाग आंबे बहाराची; तिच्यावर वाढती फळे लोंबत आहेत. दुसरी हस्त बहाराची. तिची तोडणी उरकून झाडे विसाव्यात आहेत. तिसरी मृग बहारासाठी ताणावर सोडलेली. तिचे पाणी आपण होऊनच तोडले आहे. "१५ च्या आत तांबडे" ही आज्ञा तिन्ही बागा सारख्याच तांबड्या करील. टँकर मात्र एकच आहे, आणि तो कोणाच्या बांधावर आधी न्यावा हे तांबड्या रंगास ठाऊक नसते.

याहून वाईट गोष्ट रिकाम्या घराची. एका उन्हाळ्यात आम्ही स्वतः असे पत्रक तयार केले होते. एका विहिरीची मोजणी राहून गेली म्हणून ते घर कोरे सोडले. आमच्या सूत्राने कोऱ्या घरास शून्य मानले व ती ओळ सर्वांत आधी तांबडी झाली. टँकर तिकडे गेला. विहिरीत पाणी होते! ज्या बागेस खरी निकड होती, तिला पाणी चार दिवस उशिरा मिळाले. ताण बसलेल्या झाडांस एकदम पाणी मिळताच फळे तडकतात, हे वाचकांस सांगणे नको. त्या बागेत तेच झाले, आणि चूक आमचीच होती.

उलटही घडते. कोणी घरात "५ दिवस" असे लिहिले, तर संगणक त्यास अंक न मानता मजकूर मानतो, आणि तुलनेत मजकूर कोणत्याही अंकाहून मोठाच ठरतो. ती बाग सुकून गेली तरी तांबडी व्हावयाची नाही.

यावर उपाय सोपा आहे. पाण्याच्या रकान्याशेजारी "मर्यादा" हा दुसरा रकाना घालावा व प्रत्येक बागेची मर्यादा तिच्याच ओळीत लिहावी. उदाहरणार्थ आंबे बहारास २०, हस्त बहारास ८, ताणावरील बागेस ३. नंतर "शेरा" हा तिसरा रकाना करून त्यात इफ सूत्र मांडावे. सूत्राने प्रथम घरात अंक आहे काय हे पाहावे. नसल्यास "मोजणी नाही" असे लिहावे. अंक असून तो मर्यादेच्या आत असल्यास "पाणी द्यावे", एरवी "तूर्त पुरेसे". रंग सर्वांत शेवटी, आणि तो शेऱ्याच्या शब्दावरून द्यावा.

असे केल्याने पत्रक काळ्या शाईत छापले तरी अर्थ हरवत नाही. बैठकीत वाटलेली बहुतेक पत्रके काळीच असतात, आणि तांबडे व हिरवे घर त्यांत सारखेच करडे दिसते. शिवाय साध्या सूत्राने रंग मोजता येत नाहीत. शब्द काउंटइफ सूत्राने मोजता येतात, म्हणून किती बागांस निकड आहे हा आकडा आपोआप मिळतो. एक्सेलच्या २००३ सालच्या आवृत्तीपर्यंत एका घरास तीनच अटी घालता येत. २००७ च्या आवृत्तीत ते बंधन गेले. तथापि जेथे रंगाच्या आज्ञेस शेजारचा रकाना पाहता येत नाही, अशा इतर कोष्टकांतही शेऱ्याची युक्ती चालते, कारण विचार सूत्राने आधीच केलेला असतो.

एक सावधगिरी. दुसऱ्या पत्रकातील ओळी जशाच्या तशा आणून चिकटविल्यास त्यांच्याबरोबर त्यांच्या रंगाच्या आज्ञाही येतात व मूळ आज्ञेचे तुकडे पडतात. म्हणून पेस्ट स्पेशलमधून केवळ व्हॅल्यूज घ्याव्यात.

मर्यादेचे आकडे मात्र संगणकापाशी बसणाराने एकट्याने ठरवू नयेत. ते बागाइतदारांच्या बैठकीत ठरावेत, बहार बदलला की बदलावेत, आणि कोणत्या तारखेस ठरले ते त्याच ओळीत लिहून ठेवावे.