गौणवाक्य ओळखायचे कसे?

प्रश्न : मराठी माध्यमाच्या नववीतील विद्यार्थी इंग्रजी वाक्यपृथक्करणात ‘व्हेन’ दिसताच क्रियाविशेषणवाक्य लिहून मोकळे होतात. सराव कसा घ्यावा?

उत्तर : गौणवाक्याचा, म्हणजे प्रधानवाक्यावर अवलंबून असलेल्या उपवाक्याचा, प्रकार उभयान्वयी शब्दावरून नव्हे, तर ते वाक्यात कोणते काम करते यावरून ठरतो. ‘व्हेन ही केम’ हेच तीन शब्द ‘शी नोज व्हेन ही केम’मध्ये कर्माच्या जागी येऊन नामवाक्य होतात, ‘शी लेफ्ट व्हेन ही केम’मध्ये जाण्याची वेळ सांगून क्रियाविशेषणवाक्य होतात आणि ‘द डे व्हेन ही केम’मध्ये दिवसाचे विशेषण बनतात. ही तीन उदाहरणे फळ्यावर शेजारी मांडून, तो भाग कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो (‘काय?’, ‘केव्हा?’ की ‘कोणता?’) हे मुलांकडून मराठीत वदवून घ्यावे, वर्गात मराठीचा आधार घेण्यात कमीपणा नाही. त्याआधी काळ दाखवणारी क्रियापदे अधोरेखित करावीत, कारण जितकी अशी क्रियापदे, तितकी साधारणतः उपवाक्ये. अमेरिकेत रीड व केलॉग यांनी १८७७च्या पुस्तकात रूढ केलेली, वाक्याचे भाग रेघांवर मांडून दाखवणारी रेखाकृतीही उपयोगी पडते, मात्र रेघा सुबक काढण्यातच तास संपू नये.