मेमरी मागायची वेळ

प्रिय भाचीस,


तुझा पहिला लिनक्स ड्रायव्हर वाचला. रचना स्वच्छ आहे, पण इंटरप्ट आला की त्याच क्षणी बफरसाठी मेमरी मागणारा ड्रायव्हर टेबलावर चालतो आणि कारखान्यात चार दिवसांनी अडतो.

लिनक्स बहुतेक मशीनवर मेमरी ४ किलोबाइटच्या पानांनी वाटतो. मशीन नुकतं सुरू झालेलं असताना सलग पानं मुबलक असतात. पुढे ती विखुरतात. एसटीत वीस आसनं रिकामी असूनही पाच जणांना शेजारी बसता येत नाही, तसंच हे. नेहमीची वाटपव्यवस्था सहसा ४ मेगाबाइटपेक्षा मोठा सलग तुकडा देतच नाही. उलट ३८४० × २१६० पिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक फ्रेम, पिक्सेलमागे दोन बाइट धरले, तर सुमारे १६.६ मेगाबाइट होते. विखुरलेली पानं जोडून घेण्याची सोय नसलेल्या उपकरणाला ती सगळी सलगच लागते.

वेळेचा प्रश्न त्याहून कठीण. साध्या मागणीत कर्नेल जुनी पानं रिकामी करत बसतो, मागणाऱ्याला झोपवतो. इंटरप्टमध्ये झोपणं निषिद्ध. ‘जीएफपी_अ‍ॅटॉमिक’ प्रकारची मागणी झोपवत नाही, पण तिला नकार मिळू शकतो. रिअल-टाइम कर्नेलवर, म्हणजे २०२४ साली लिनक्स ६.१२ पासून मुख्य शाखेत आलेल्या ‘प्रीएम्प्ट-आरटी’मध्ये, खऱ्या इंटरप्टच्या संदर्भात तीही मागणी चालत नाही.

नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली सुरक्षेसाठी महत्त्वाच्या कोडचे दहा नियम मांडले. त्यांतला तिसरा: सुरुवातीची मांडणी झाल्यावर नव्याने मेमरी मागायची नाही. तुझ्या ड्रायव्हरला हा नियम शब्दशः लागू आहे.

मग मेमरी सुरुवातीलाच राखायची कशी? हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्रीमध्ये ‘रिझर्व्ह्ड-मेमरी’चा विभाग लिहिला आणि ‘नो-मॅप’ म्हटलं की कर्नेल त्या पट्ट्याला हातच लावत नाही. २०१२ साली लिनक्स ३.५ मध्ये आलेली सीएमए ही सलग मेमरी राखणारी व्यवस्था उदार आहे: राखलेली जागा गरज लागेपर्यंत इतरांना वापरू देते. मात्र परत मागितली की आतली पानं हलवावी लागतात, त्यात वेळ जातो, आणि एखादं पान अडून बसलं तर मागणी फसते. म्हणून सीएमए वापरायचीच, तर ड्रायव्हर उपकरणाशी जोडला जातो त्या ‘प्रोब’मध्येच बफर घ्यावेत आणि ड्रायव्हर उतरेपर्यंत सोडू नयेत.

किती राखायची, हे अंदाजाने ठरवू नये. समजा १६ चॅनेल, सेकंदाला प्रत्येकी एक लाख नमुने, नमुन्याला दोन बाइट: सेकंदाला ३२ लाख बाइट. वाचणारा प्रोग्राम फार तर ५० मिलिसेकंद उशिरा येत असेल, तर तेवढ्या काळात १ लाख ६० हजार बाइट साठतात. त्यावर थोडी मोकळीक ठेवावी. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातले संकेत टिपतात. निसटलेला संकेत आकाशाकडे पुन्हा मागता येत नाही; बफरचा हिशेब अशाच कडकपणे व्हायला हवा.

वाचणाऱ्या प्रोग्रामनेही सुरुवातीलाच ‘एमलॉकऑल’ करून आपली पानं रॅममध्ये धरून ठेवावीत, नाहीतर ड्रायव्हरने वेळ पाळूनही उशीर तिथे होईल.

बदल केलास की मेमरी खाणारा प्रोग्राम शेजारी रात्रभर चालू ठेव. ‘प्रोब’मध्ये बफर मिळाला नाही, तर ड्रायव्हरने स्पष्ट चूक नोंदवून तिथेच नकार द्यावा. त्या रात्रीचा लॉग पाठव, मी वाट पाहतो.

तुझा मामा